पाकिटामागची परीक्षा : खाद्यपदार्थांची तपासणी कशी होते?

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला बृहदीश्वराचे मंदिर, भोसल्यांचा राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. सरफोजीराजे दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी येथे धन्वंतरी महाल उभारून औषधांच्या अभ्यासाला आश्रय दिला आणि उपचार केलेल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी ठेवण्याची शिस्त घालून दिली. आजच्या तंजावरात परीक्षा होते ती प्रामुख्याने अन्नाची. पुदुकोट्टै मार्गावरील राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान, उद्योजकता आणि व्यवस्थापन संस्था, म्हणजेच 'निफ्टेम-तंजावर', येथे अन्नाची सुरक्षितता व दर्जा तपासणारी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आहे. याच शहरात तामिळनाडू शासनाची अन्न विश्लेषण प्रयोगशाळाही आहे.

तांदूळ, तेल, मसाला, दूध किंवा बाळाचे अन्न विकत घेताना ग्राहक पाकिटावरील मजकुरावर विश्वास ठेवतो. हा विश्वास ज्या तपासणीवर उभा असतो, ती मात्र त्याला सहसा दिसत नाही. ही तपासणी कशी होते, तिच्यातून काय कळते आणि काय कळत नाही, याचा हा आढावा.

ओल्या धानातून जन्मलेली संस्था

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला तामिळनाडूचे भाताचे कोठार म्हटले जाते. १९६६ साली तंजावरजवळील अडुतुरै येथील संशोधन केंद्राने 'ए. डी. टी. २७' हे लवकर तयार होणारे, अधिक उत्पादन देणारे वाण दिले. उत्पादन वाढले, परंतु कापणी ईशान्य मोसमी पावसाच्या तोंडावर येऊ लागली. भिजलेले धान खळ्यावरच गरम होई, त्याला कोंब फुटत किंवा बुरशी लागे.

या अडचणीवर उपाय शोधण्यासाठी १९६७ साली तिरुवारूर येथील आधुनिक भातगिरणीत एक छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे पहिले संचालक डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन यांचा तिच्या उभारणीत पुढाकार होता. तिचेच पुढे धान प्रक्रिया संशोधन केंद्र झाले आणि ते तंजावरला आले. कामाचा विस्तार होत गेला, तशी संस्थेची नावेही बदलली. २०२१ साली संसदेने संमत केलेल्या कायद्यान्वये हरियाणातील कुंडली आणि तंजावर येथील दोन्ही संस्थांना राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांचा दर्जा मिळाला.

दोन टक्क्यांचे मोल

सर्वांत साधी वाटणारी चाचणी म्हणजे धान्यातील ओलावा मोजणे. दळलेला नमुना तोलायचा, १३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलेल्या भट्टीत ठराविक काळ ठेवायचा, थंड करून पुन्हा तोलायचा. जे वजन घटले तो ओलावा. ही झाली प्रयोगशाळेची पद्धत. खरेदी केंद्रावर इतका वेळ नसतो. तेथील छोटे यंत्र ओलावा प्रत्यक्ष मोजत नाही. धान्याचे विद्युत गुणधर्म मोजून त्यावरून ते ओलाव्याचा अंदाज देते. म्हणून त्या यंत्राचा आकडा भट्टीच्या आकड्याशी वेळोवेळी पडताळून घ्यावा लागतो.

शासकीय खरेदीसाठी धानातील ओलाव्याची कमाल मर्यादा १७ टक्के आहे. कापणीच्या वेळी पाऊस झाला की कावेरी खोऱ्यातील शेतकरी ही अट शिथिल करण्याची मागणी करतात. मग केंद्राची पथके खरेदी केंद्रांवर येऊन नमुने घेतात. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अशा पाहणीनंतर तामिळनाडूसाठी ही मर्यादा १९ टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आली होती.

दोन टक्क्यांचा हा फरक किरकोळ नाही. १९ टक्के ओलावा असलेले १०० किलो धान १७ टक्क्यांपर्यंत वाळवले, तर वजन सुमारे ९७.६ किलो भरते. त्याहून मोठा प्रश्न असतो तो धान स्वीकारले जाणार की परत पाठवले जाणार, हा. यंत्र एका टक्क्याने चुकले, तर शेतकऱ्याची सबंध गाडी केंद्राच्या दारातून मागे वळू शकते. चाचणीची अचूकता हा केवळ प्रयोगशाळेतला विषय नाही, हे येथे स्पष्ट होते.

नमुन्याचे चार भाग

बाजारातील अन्नपदार्थांची तपासणी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार होते. या कायद्याखालील नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले आणि १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा इतिहासजमा झाला.

अन्न सुरक्षा अधिकारी दुकानात येतो, विक्रेत्याला लेखी सूचना देतो आणि मालाची किंमत मोजून नमुना घेतो. नमुन्याचे चार भाग केले जातात. प्रत्येक भाग वेगळा बांधून त्यावर मोहोर लावतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो. दोन भाग पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राखून ठेवतात. विक्रेत्याने मागणी केली, तर चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवला जातो. दोन अहवालांत तफावत आढळली, तर राखीव भाग निर्देश प्रयोगशाळेकडे जातो आणि तिचा निर्णय अंतिम मानला जातो.

विश्लेषकाने साधारणपणे १४ दिवसांत अहवाल द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. त्या अहवालाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते. नमुना विश्लेषकाच्या टेबलावर पोहोचतो तेव्हा त्याची पहिली परीक्षा रासायनिक नसते. मोहोर शाबूत आहे का, सोबतच्या कागदावरील मोहोरेच्या ठशाशी ती जुळते का आणि नमुन्याचे प्रमाण पुरेसे आहे का, हे आधी पाहिले जाते. यांपैकी एक दुवा जरी तुटला, तरी पुढचे महागडे यंत्र कितीही अचूक असले, त्याचा आकडा न्यायालयात टिकणे अवघड होते.

एक दाणा आणि सबंध पोते

नमुना कसा घेतला, यावर निकाल किती अवलंबून असतो, याचे उत्तम उदाहरण भुईमुगाचे आहे. ओलसर साठवणीत शेंगदाण्यांवर विशिष्ट बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. दीर्घकाळ पोटात गेल्यास ते यकृताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरू शकते. भारतीय मानकांनुसार शेंगदाण्यात त्याचे प्रमाण किलोमागे १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

हे विष पोत्यात सारखे पसरलेले नसते. हजारो दाणे निर्दोष असतात आणि एखाद्याच दाण्यात ते मोठ्या प्रमाणात असते. वरून मूठभर दाणे उचलले, तर तो दाणा हाती लागेलच असे नाही. म्हणून पोत्याच्या वेगवेगळ्या भागांतून थोडे थोडे दाणे घेतात, ते एकत्र करून बारीक दळतात आणि त्या एकजीव पिठातून तपासणीचा अंश उचलतात. निष्काळजीपणे घेतलेल्या नमुन्याची भरपाई पुढे कोणतेही यंत्र करू शकत नाही.

प्रयोगशाळेच्या आत

मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुन्याला सांकेतिक क्रमांक मिळतो. त्यामुळे तपासणाऱ्याला माल कोणत्या कंपनीचा आहे, हे कळत नाही. पुढे नमुन्याच्या वाटा वेगळ्या होतात.

एक वाट मूळ घटकांची. ओलावा, स्निग्धांश, प्रथिने, राख आणि तंतुमय भाग मोजून पाकिटावरील पोषणतक्ता खरा की खोटा, हे ठरते. दुसरी वाट सूक्ष्मजीवांची. पदार्थाचे पातळ केलेले द्रावण पोषक माध्यमावर पसरून ऊबदार कपाटात ठेवतात आणि वाढलेल्या वसाहती मोजतात. साल्मोनेलासारखा रोगजंतू शोधताना साधारणपणे २५ ग्रॅम पदार्थ घेतला जातो आणि त्यात तो अजिबात आढळता कामा नये, असा निकष असतो. जंतूंना वाढायला वेळ द्यावा लागत असल्याने या चाचणीला काही दिवस लागतात. तिला घाई करता येत नाही.

तिसरी वाट अत्यल्प प्रमाणातील दूषित द्रव्यांची. कीटकनाशकांचे अंश, शिसे, आर्सेनिक, प्रतिजैविके यांसाठी महागडी यंत्रे लागतात. ही यंत्रे मिश्रणातील घटक एकमेकांपासून वेगळे करतात आणि त्यांच्या वस्तुमानावरून त्यांची ओळख पटवतात.

यंत्राने आकडा दिला म्हणजे काम संपत नाही. प्रत्येक तुकडीसोबत पदार्थ नसलेला कोरा नमुनाही तपासतात. त्यात शिसे दिसले, तर ते भांड्यातून किंवा रसायनातून आले, असे समजते. दुसऱ्या एका नमुन्यात ज्ञात प्रमाणात द्रव्य मुद्दाम मिसळतात आणि त्यातले किती परत मिळाले, हे पाहतात. अधूनमधून बाहेरची संस्था एकाच प्रकारचा नमुना अनेक प्रयोगशाळांना पाठवते आणि कोणाचे उत्तर किती चुकले, हे तपासते. प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ याच शिस्तीची पाहणी करते. ग्राहकाच्या मालाची परीक्षा घेणाऱ्या प्रयोगशाळेला स्वतःही सतत परीक्षा द्यावी लागते.

उत्तर मिळते ते विचारलेल्या प्रश्नाचेच

प्रत्येक चाचणी एका ठराविक प्रश्नाचे उत्तर देते. न विचारलेल्या प्रश्नाबाबत ती मौन बाळगते. प्रथिने मोजण्याच्या रूढ पद्धतीत प्रत्यक्षात पदार्थातील नत्र मोजतात आणि त्याला ठराविक गुणकाने गुणतात. २००८ साली चीनमध्ये दुधात पाणी घालून वर मेलामाइन हे नत्रयुक्त रसायन मिसळल्याचे उघडकीस आले. तपासणीत 'प्रथिने' पुरेशी दिसत होती. सहा बालके दगावली आणि सुमारे तीन लाख आजारी पडली. चाचणी आपल्या परीने बरोबर होती, परंतु नत्र प्रथिनांचेच आहे का, हा प्रश्न तिला विचारलाच गेला नव्हता.

महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांनाही हा धडा महागात पडला. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांतील कीटकनाशकांच्या अंशांवर देखरेख करणारी राष्ट्रीय निर्देश प्रयोगशाळा पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात आहे. २०१० साली भारतात तपासून निघालेली द्राक्षे युरोपात अडवण्यात आली. त्यांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले. हे रसायन त्या वेळी आपल्याकडील तपासणीच्या यादीत नव्हते. पुढे त्याचा समावेश झाला, परंतु तोवर तो हंगाम शेतकऱ्यांच्या हातून गेला होता.

जीभ हेही उपकरण

सर्वच गोष्टी यंत्राने मोजता येत नाहीत. बिस्किटाचा खुसखुशीतपणा, तेलाचा खवट वास, शिजलेल्या तांदळाचा मोकळेपणा यांसाठी माणसे लागतात. चव पारखणाऱ्यांना वेगवेगळ्या कप्प्यांत बसवतात. नमुन्यांना तीन आकडी क्रमांक दिलेले असतात. गरज पडल्यास लाल दिवा लावून पदार्थाचा रंगही लपवतात. त्रिकोण चाचणीत तीन वाट्या समोर ठेवतात. त्यांपैकी दोन सारख्या असतात आणि तिसरी ओळखायची असते. साखर कमी केली किंवा तेल बदलले तर ग्राहकाला फरक जाणवेल का, हे यातून कळते. आवडीनिवडीसाठी 'अतिशय नावडते' ते 'अतिशय आवडते' अशी नऊ पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात. ती मुळात १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी सैन्याच्या भोजनासाठी तयार झाली होती.

पदार्थ किती दिवस टिकेल, हे ठरविण्याचीही युक्ती आहे. पाकिटे सुमारे ३८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रतेच्या कपाटात ठेवून काही आठवड्यांतच अनेक महिन्यांची झीज घडवून आणतात. हा अखेर अंदाजच असल्याने नेहमीच्या तापमानात ठेवलेल्या पाकिटांशी त्याचा पडताळा घ्यावा लागतो.

मधुमेह आणि तांदळाचा दावा

तांदूळ हे मुख्य अन्न असलेल्या प्रदेशात सध्या सर्वाधिक उत्सुकता आहे ती रक्तशर्करेबाबतच्या दाव्यांची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यामुळे 'मधुमेहींसाठी योग्य' अशी जाहिरात केलेल्या तांदळाला मोठी बाजारपेठ मिळते.

अन्नाचा रक्तशर्करेवरील परिणाम ग्लायसेमिक निर्देशांकाने सांगतात. ही कल्पना १९८१ साली टोरांटो येथील डॉ. डेव्हिड जेनकिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान दहा निरोगी व्यक्तींना ५० ग्रॅम पचनीय कर्बोदके असलेला पदार्थ खायला देतात आणि दोन तासांत ठराविक अंतराने त्यांची रक्तशर्करा मोजतात. त्याच व्यक्तींनी वेगळ्या दिवशी घेतलेल्या ग्लुकोजच्या परिणामाशी तिची तुलना होते. ५५ किंवा त्याहून कमी निर्देशांक हा कमी, तर ७० किंवा त्याहून अधिक हा जास्त मानतात.

माणसांवरील ही चाचणी खर्चिक आणि वेळखाऊ असते. तंजावरच्या संस्थेतील संशोधकांनी मानवी जठर आणि लहान आतडे यांची हालचाल करणारी कृत्रिम प्रतिकृती विकसित केली आहे. कृत्रिम पाचकरस सोडून अन्न कसे विरघळते आणि ग्लुकोज किती वेगाने सुटते, हे तिच्यात पाहता येते. अनेक वाणांतून किंवा अनेक पाककृतींतून निवड करायची असेल, तेव्हा ही यंत्रणा उपयोगी ठरते. परंतु तिला स्वादुपिंड नाही आणि ती इन्सुलिन निर्माण करीत नाही. माणसाच्या शरीराबाबत दावा करायचा असेल, तर शेवटी माणसांवरील चाचणीच निर्णायक ठरते.

तांदूळ शिजवण्याची पद्धत, शिळेपणा आणि सोबतचे डाळ-भाजी-तेल यांनीही निर्देशांक बदलतो. पाकिटावरील आकडा एका ठराविक पद्धतीने शिजवलेल्या तांदळाचा असतो, आपल्या ताटातील जेवणाचा नसतो. शिवाय किती खाल्ले, याचा हिशेब त्यात नसतो. मधुमेही व्यक्तीने अशा आकड्यावर विसंबून भाताचे प्रमाण वाढवणे धोक्याचे ठरू शकते.

एकच पदार्थ, दोन निष्कर्ष

तपासणीतील दुवे किती महत्त्वाचे असतात, हे २०१५ च्या मॅगी प्रकरणात देशाने पाहिले. उत्तर प्रदेशातील बाराबंकी येथे घेतलेल्या एका नमुन्यात कोलकात्याच्या प्रयोगशाळेला दहा लाख भागांत १७.२ भाग शिसे आढळले. मर्यादा २.५ भागांची होती. ५ जून २०१५ रोजी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने या नूडल्सचे नऊ प्रकार बाजारातून मागे घेण्याचा आदेश दिला.

मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०१५ रोजी हा आदेश रद्द ठरवला. कंपनीला म्हणणे मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नाही आणि तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा कायद्यानुसार मान्यताप्राप्त नव्हत्या, ही त्यामागील प्रमुख कारणे होती. न्यायालयाने प्रत्येक प्रकाराचे पाच नमुने मोहाली, जयपूर आणि हैदराबाद येथील मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत तपासण्यास सांगितले. त्या तपासणीत शिशाचे प्रमाण मर्यादेत आढळले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. केंद्र सरकारने भरपाईसाठी केलेला सुमारे ६४० कोटी रुपयांचा दावा राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळला.

नंतर तपासलेले नमुने आधीच्या नमुन्यांहून वेगळे होते, हेही लक्षात घ्यावे लागेल. तपासणीची साखळी निर्दोष नसेल, तर दोषी सुटू शकतो आणि निर्दोषाला शिक्षाही होऊ शकते. ग्राहकाच्या हाती मात्र दोन्ही वेळा संशयच उरतो.

ग्राहकाने काय करावे?

बहुतेक ग्राहकांना माहीत नसलेली एक तरतूद कायद्यात आहे. कलम ४० नुसार अन्नपदार्थ विकत घेणारी कोणतीही व्यक्ती शुल्क भरून तो अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते आणि अहवाल मिळवू शकते. पदार्थ कायद्याचे उल्लंघन करणारा ठरला, तर शुल्क परत मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी विकत घेतेवेळीच विक्रेत्याला तपासणीचा हेतू सांगणे आवश्यक असते. बिल जपून ठेवावे आणि न उघडलेले पाकीट द्यावे.

अहवाल वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, कोणते घटक तपासले गेले. दुसरी, त्या घटकांच्या चाचणीसाठी प्रयोगशाळेला मान्यता आहे का, कारण ती सरसकट नसते, चाचणीनिहाय असते. तिसरी, पदार्थाला 'कमी दर्जाचा', 'चुकीच्या लेबलचा' की 'असुरक्षित' म्हटले आहे. पहिल्या दोन प्रकारांत मुख्यतः दंड होतो. असुरक्षित अन्नासाठी तुरुंगवासाचीही तरतूद आहे. 'नमुना नापास' हे वृत्त वाचताना हा भेद ध्यानात ठेवला, तर अनाठायी घबराट टळते आणि खरा धोकाही नजरेतून सुटत नाही.

स्वतंत्र तपासणीची परंपरा आपल्याकडेही आहे. मुंबईत १९६६ साली स्थापन झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेने वस्तूंच्या चाचण्यांचे निष्कर्ष आपल्या 'कीमत' या मासिकातून ग्राहकांपर्यंत पोहोचवले. उत्पादकाने स्वतः निवडून पाठवलेला नमुना आणि दुकानातून गुपचूप विकत घेतलेला नमुना यांत मोठे अंतर असते.

प्रयोगशाळांच्या अहवालात तळाशी साधारणपणे एक ओळ असते. हा निष्कर्ष केवळ तपासलेल्या नमुन्यापुरता आहे, असे ती सांगते. अनेकांना ती पळवाट वाटते. वास्तविक तपासणीची मर्यादा आणि तिचा प्रामाणिकपणा या एकाच ओळीत सामावलेला आहे. एका पाकिटाचे उत्तर हजारो पाकिटांना लागू व्हावे, असे वाटत असेल, तर नमुने वारंवार, निरनिराळ्या ठिकाणांहून आणि पूर्वसूचनेशिवाय घ्यावे लागतात. त्यासाठी पुरेसे अधिकारी, विश्लेषक आणि प्रयोगशाळा हव्यात. ही मागणी करणे, हाही ग्राहकाचा हक्क आहे.